आठ टेबलांची आवक-जावक

त्या आठवड्यात तीन माणसांनी बाईंना "हे तुम्हाला जमायचं नाही" असं सांगितलं, आणि तिघांनीही ते हसत सांगितलं. तेवढे हसले नसते, तर बाईंनी कदाचित ऐकलंही असतं.

बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास, छत्तीस वर्षांचा. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला वाट द्यायची म्हणजे भिंतीला पाठ चिकटवून पोट आत ओढायचं. वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाईंचं टेबल, हजेरीपट आणि मेणकापडाखाली झाकून ठेवलेले शेवटचे दोन टाइपरायटर. मागच्या लांबट खोलीत आठ टेबलं आणि आठ लॅपटॉप. ते एका बंद पडलेल्या प्रवासी कंपनीच्या कार्यालयातून आणलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर अजून विमानाचं चित्र. बाईंचं वय त्रेसष्ट. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारायची हिंमत गेल्या वीस वर्षांत कोणी केलेली नाही.

भानगड सुरू झाली ती परीक्षा मंडळाच्या पत्राने. दर तीन वर्षांनी तपासनीस येतो, क्लास पाहतो आणि मान्यता पुढे चालू करतो, हे ठरलेलंच. यंदा पत्रात एक नवं कलम होतं. परीक्षा आता इंटरनेटवर होणार, तेव्हा संस्थेच्या नावावर तारेचं कनेक्शन हवं आणि तपासणीच्या वेळी आठही यंत्रांवर सराव चाचणी एकदम उघडली पाहिजे. नाही उघडली तर मान्यता रद्द. तपासणी पुढच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. मान्यता गेली की नुसता क्लास जाणार नव्हता, खोल्याही जाणार होत्या. जुन्या मालकांनी करून दिलेल्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं की मान्यताप्राप्त संस्था चालू आहे तोवर जागा बाईंची. जुने मालक वारले, आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे मालक, त्या मान्यतेवर डोळा ठेवून बसले होते.

तार तर होती. खिडकीतून आत आलेली, बाईंच्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला जोडलेली. पण एका तारेवर मागच्या खोलीतली आठ यंत्रं चालवायची कशी? लाइनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, कंपनीचा वायरलेस डबा बसवावा लागेल, त्याला राउटर म्हणतात, आणि त्यासाठी इमारतीच्या मालकाचं संमतीपत्र लागतं. बाजारातून आपला आपण डबा आणला तर? चालणार नाही. ही तार नोंदवलेल्या एकाच यंत्राला ओळखते, आणि नोंद या लॅपटॉपची आहे. मग हाच लॅपटॉप पुढे आठ जणांना वाटणार नाही का, असं बाईंनी विचारलं, आणि लाइनवाला हसला. करतात लोक तसं, म्हणाला, लॅपटॉपवर लिनक्स असलं तर त्याचाच राउटर करता येतो. पण ते शिकलेल्या पोरांचं काम आहे काकू, तुम्हाला जमायचं नाही.

हा पहिला. संमतीपत्रासाठी बाई खाली मालकांच्याच औषधाच्या दुकानात गेल्या, तर धाकटे मालक दुसरे. भिंतीत एक खिळा मारू देणार नाही, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. वर बाईंच्या तब्येतीची चौकशी केली, दोन मजले रोज चढता, आता किती दिवस करणार ही दगदग, आणि हे नवं इंटरनेटचं वगैरे, ते काही तुम्हाला जमायचं नाही. वरच्या दोन खोल्यांत व्यायामशाळा काढायची त्यांची इच्छा होती, हे औषधाच्या दुकानातल्या फडताळांनासुद्धा माहीत होतं.

तिसरा बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. तो लांबच्या शहरात संगणकाच्याच कामात होता. बाईंच्या लॅपटॉपची मूळ प्रणाली म्हातारी होऊन रांगायला लागली, तेव्हा ती काढून त्याने लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घालून दिली होती, फुकट मिळणारी. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ताई, होईल ते, पण तुला जमायचं नाही. मी पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतो, नाहीतर तू सरळ क्लास बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. त्याच्या बोलण्यात माया होती. पण मायेनेसुद्धा माणसाला खुर्चीतून उठवता येतं, आणि बाईंना उठायचं नव्हतं.

त्यांनी काय केलं, तर आधी लाइनच्या कंपनीचा करार काढून वाचला. चौदा पानं, बारीक टाइप. दुसरं कोणी वाचलं नसतं, पण बाईंचा जन्म असले मजकूर वाचण्यात गेलेला. सातव्या कलमात होतं की तारेला एकच नोंदणीकृत यंत्र जोडावे. त्या यंत्राने पुढे काय करावं, कोणाशी बोलावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी करार मिटला. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तो आनंद काही फार साजूक नव्हता.

मग त्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या आणि लिनक्सच्या लॅपटॉपचा राउटर कसा करावा याची माहिती इंटरनेटवरून छापून आणली. अकरा पानं. घरी कपडे वाळत घालावेत तितक्या सहजपणे त्यांनी पहिलं पान कागद ठेवायच्या स्टँडवर लावलं, पाठ ताठ केली आणि दुपारच्या मोकळ्या वेळात टाइप करायला बसल्या.

आता इथे बाईंचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी बाई एका सरकारी कचेरीत टंकलेखक होत्या. एकदा साहेबांनी मसुदा दिला, त्यात सभेची तारीख एकतीस घातलेली, आणि महिना होता तीस दिवसांचा. बाईंनी टाइप करताना तीस केली. साहेबांनी त्यांना सगळ्या कचेरीसमोर उभं करून विचारलं की तुम्हाला बोटांचा पगार मिळतो की डोक्याचा? पत्र पुन्हा एकतीस घालून टाइप करायला लावलं आणि तसंच पाठवलं. बाईंची बदली झाली आवक-जावकच्या टेबलावर, चार वर्षं. तिथून त्या बाहेर पडल्या आणि क्लास काढला, पण साहेबांचं वाक्य बरोबर घेऊनच पडल्या. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांना एकच शिकवण: नजर कागदावर. बोटांकडे बघायचं नाही, यंत्राकडे बघायचं नाही, आणि कागदात जे आहे त्यात आपली अक्कल घालायची नाही. चूक असेल तर चुकीसकट. त्या शिस्तीवर बाईंच्या क्लासचे निकाल दरवर्षी पहिले यायचे, आणि साहेब मात्र कुठे गेले देव जाणे.

तर बाईंनी माहितीपत्राची सहा पानं एका दमात टाइप केली. मिनिटाला सत्तर शब्दांचा वेग, एक चूक नाही. नजर कागदावरून हलली नाही. समोरच्या स्टुलावर कंडक्टर बसली होती. ही बाईंची विद्यार्थिनी, चाळिशी उलटलेली. सतरा वर्षं बसमध्ये उभी राहून तिचे गुडघे गेले होते, आणि टायपिंगची परीक्षा पास झाली तर आगारात खुर्चीचं काम मिळणार होतं. ती बराच वेळ चुळबुळ करत होती. शेवटी म्हणाली की बाई, रागावू नका, पण पडद्यावर मघापासून काहीतरी तक्रार चालली आहे.

बाईंनी मान वर केली. तक्रार तिसऱ्या ओळीपासून चालली होती. लॅपटॉप म्हणत होता की असं काही माझ्याकडे नाही, आणि बाई पुढे सहा पानं त्याला तेच तेच सांगत सुटल्या होत्या. कंडक्टर हसू दाबायला खिडकीकडे गेली. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तिला परत बोलावून नीट हसून घ्यायला सांगितलं.

भावाला फोन करावा लागला. तो पोट धरून हसला, पण उपयोगाचं बोलला. लॅपटॉपला दोन दारं असतात, म्हणाला, एक तारेचं, एक बिनतारी, आणि प्रत्येक दाराला यंत्राने नाव दिलेलं असतं. कागदातलं नाव ज्याने तो कागद लिहिला त्याच्या लॅपटॉपचं. तुझ्या लॅपटॉपला विचार त्याची नावं काय. त्याने विचारायची आज्ञा सांगितली, बाईंनी ती दिली, आणि यंत्राने बिनतारी दाराचं भलतंच नाव दाखवलं. बाईंनी कागदावर पेन्सिलीने ते खोडून नवं लिहिलं. कागदातल्या मजकुरावर पेन्सिल चालवताना त्यांचा हात जरा अडला, हे कंडक्टरने पाहिलं.

एवढं झाल्यावर बिनतारी दार उघडलं. मागच्या खोलीतल्या आठही लॅपटॉपना बाईंच्या टेबलाचा सिग्नल दिसू लागला, एकेकाला पत्ताही मिळाला. पण पान म्हणून एकही उघडेना. चक्र फिरत राहायचं आणि शेवटी पडदा पांढरा. बुधवार तसाच गेला. गुरुवारची सकाळही गेली, आणि कहर म्हणजे पडद्यावर आता कसलीच तक्रार नव्हती. लॅपटॉप सगळं मुकाट ऐकून घेत होता आणि करत काही नव्हता, अगदी कचेरीसारखं.

गुरुवारी दुपारी धाकटे मालक वर आले, मोजपट्टी घेऊन. नुसतं माप घेतो, म्हणाले, उद्यानंतर घाई नको व्हायला. त्यांनी मागच्या खोलीची लांबी मोजली, मग खिडकीची रुंदी. ते गेल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. असा राग त्यांना तेविसाव्या वर्षी आला होता आणि तेव्हा त्यांनी तो गिळला होता. या वेळी गिळायचा नाही, असं त्यांनी कंडक्टरला मोठ्याने सांगितलं.

मग त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला, पण टाइप करायला नाही, समजून घ्यायला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. दर ओळीला त्या स्वतःला विचारू लागल्या की ही ओळ इथे काय काम करते. एका ओळीने या दारातून त्या दारात जायची परवानगी दिली जात होती, ते कळलं. त्याच्या पुढच्या ओळीपाशी त्या अडकल्या. तिच्यावर लिहिलं होतं की आतली सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्याने बोलतील. बाई तीनदा वाचून थांबल्या आणि एकदम खुर्चीत मागे टेकल्या. ही तर आवक-जावक. आठ टेबलांवरची पत्रं जावक कारकुनाकडे यायची, तो सगळ्यांवर कचेरीचा एकच पत्ता घालून टपालात टाकायचा, आणि कोणतं पत्र कोणत्या टेबलाचं याची नोंद आपल्याकडे ठेवायचा. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. हे काम बाईंनी शिक्षा म्हणून चार वर्षं केलं होतं आणि एकही पत्र चुकीच्या टेबलावर गेलं नव्हतं.

मग हा कारकून पत्रं नेतोय कुठल्या दाराने? बाईंनी ओळीतलं नाव पाहिलं. तीन अक्षरं आणि एक शून्य, कागदवाल्याच्या लॅपटॉपचं तारेचं दार. बिनतारी दाराचं नाव त्यांनी बदललं होतं, कारण यंत्राने तक्रार केली होती. या दाराबद्दल यंत्राने तक्रार केली नाही, म्हणून ते कागदातल्यासारखंच राहिलं. यंत्राने निमूटपणे लिहून घेतलं की त्या दाराने पत्रं जातील तेव्हा पत्ता बदलीन, आणि तसलं दारच या घरात नव्हतं. आठ टेबलांची पत्रं बिचारी अंगावर कचेरीचा पत्ता न पडताच रस्त्यावर पडत होती.

बाईंनी आपल्या दाराचं नाव विचारून घेतलं, सहा अक्षरी, आणि ओळ नव्याने टाइप केली. या वेळी नजर पडद्यावर, बोटं सावकाश, शिकाऊ मुलीसारखी. मागच्या खोलीतून कंडक्टरचा आवाज आला, पहिलं उघडलं. मग दुसरं. बसमध्ये थांबे सांगायची सवय असल्यामुळे तिने आठही टेबलं अगदी खणखणीत आवाजात सांगितली, आणि आठव्याला दोघीही रडल्या. त्यानंतर बाईंना सुचलं की वीज गेली तर काय? लॅपटॉप बंद करून चालू केला, तर सगळं विसरलेला. मग सगळ्या ओळी सुरुवातीलाच आपोआप चालतील अशा फाइलीत घालून ठेवण्यात उरलेली दुपार गेली. तीनदा बंद करून चालू केला, तीनदा आठही उघडले, तेव्हा त्यांनी चहा घेतला.

शुक्रवारी अकराला तपासनीस आले. सडपातळ, चष्मेवाले, कागदाबाहेर पाऊल न टाकणारे गृहस्थ. आठ विद्यार्थिनी बसवल्या, चाचणी उघडायला सांगितली, आठही उघडल्या. त्यांनी स्वतः प्रत्येक टेबलापाशी जाऊन पाहिलं, टाचणीएवढं वैगुण्य सापडेना. मग अहवाल. मंडळाची रीत अशी की तपासनिसाने अहवाल तोंडी सांगायचा आणि संचालिकेने तो तिथल्या तिथे टाइप करून द्यायचा. तीच तिच्या टायपिंगचीही परीक्षा. बाई बसल्या. खोल्या दोन, टेबलं आठ, उजेड पुरेसा, सगळं ओळीने झालं. मग रकाना आला राउटरचा, कंपनी आणि मॉडेल. तपासनिसांनी इकडेतिकडे पाहिलं. डबा कुठे आहे म्हणाले. बाईंनी लॅपटॉप दाखवला आणि सगळं सांगितलं.

तपासनिसांनी चष्मा पुसला. चालतंय हे मला दिसतंय, म्हणाले, पण रकान्यात कंपनीचं नाव लागतं. कंपनी नसेल तर लिहिण्यासारखं एकच आहे. त्यांनी सांगितलं, "राउटर: नाही."

मंडळाच्या अहवालात एका रकान्यात जरी 'नाही' आलं तरी मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हणजे मोजपट्टी. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. बाईंची बोटं कळांवर होती. आयुष्यात सांगितलेला शब्द त्यांनी कधी बदलला नव्हता, एकदा सोडून. त्या थांबल्या, मग टाइप करू लागल्या, आणि 'नाही'ला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ टाइप करत राहिल्या. कागद छापून त्यांनी तपासनिसांसमोर ठेवला.

"तुम्ही सांगितलंत ते मी टाइप केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आधी वाचा, मग सही करा."

तपासनिसांनी वाचलं. रकान्यात होतं: राउटर आहे. संचालिकेने संस्थेच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः तयार केला. आठही यंत्रांवर चाचणी तपासनिसांच्या समक्ष उघडली.

"मी असं सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं. पण यात खोटा शब्द कोणता ते दाखवा. तेवढा खोडते."

ते पुन्हा वाचू लागले. कंडक्टर दारात उभी होती, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि बसायला तयार नव्हती. तपासनिसांनी एकदा मागच्या खोलीत नजर टाकली. आठही पडदे उघडे होते. त्यांनी खिशाची दोन्ही पेनं तपासली, दुसरं चाललं, आणि सही केली. खाली शिक्का मारताना म्हणाले की वर कोणी विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवीन. बाई म्हणाल्या, जरूर दाखवा, मी इथेच असते.

तीन प्रती काढल्या. एक तपासनिसांची, एक क्लासची. तिसरी घेऊन बाई स्वतः जिना उतरल्या. समोरून कोणी तरी वर येत होतं, त्याने भिंतीला पाठ लावली. धाकटे मालक गल्ल्यामागे बसले होते, समोर व्यायामशाळेच्या यंत्रांची रंगीत पुस्तिका. बाईंनी कागद त्या पुस्तिकेवर ठेवला.

"ठेवून जा," धाकटे मालक म्हणाले, "सवडीने वाचतो."

"आत्ता वाचा," बाई म्हणाल्या. "मी उभी आहे."